ड्रिफ्ट शिकण्यासाठी जुनी थ्री-सिरीज: घेण्यापूर्वीचा हिशेब आणि पाच महिन्यांनंतरचा

हे परीक्षण 2009 सालच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यू थ्री-सिरीजमधल्या 320आय या गाडीचे आहे. मायलेज, डिकीची जागा किंवा मागच्या बाकावरचा आराम यांविषयी त्यात फारसे काही सापडणार नाही, कारण ही गाडी मी आणि माझ्या भाच्याने मिळून 2025 च्या मे महिन्यात घेतली ती केवळ ड्रिफ्ट शिकण्यासाठी. मागची चाके मुद्दाम घसरू द्यायची, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरायची आणि गाडी आडवी सरकत असताना तिला आपल्या ताब्यात ठेवायचे, हे ज्याला शिकायचे आहे त्याने ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात चार-साडेचार लाखांत कोणती गाडी शोधावी, या प्रश्नाचे आम्हाला मिळालेले उत्तर मी येथे खर्चासह मांडत आहे.

भाच्याचा आग्रह अर्थातच जपानी गाडीचा होता. 1983 ते 1987 या काळात निघालेली टोयोटाची एई-86 ही गाडी हजार किलोपेक्षा कमी वजनाची, 1587 सीसीच्या इंजिनाची आणि मागच्या चाकांवर चालणारी होती. शर्यतपटू केइची त्सुचिया यांनी जपानमधल्या घाटरस्त्यांवर ती चालवून जगभर प्रसिद्ध केली. आपल्याकडे ती कधी विकायला आलीच नाही, आणि वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा आयातीचा नियम आहे, शिवाय सीमाशुल्क गाडीच्या किमतीला मागे टाकते. त्यामुळे एई-86 आणि निसानची सिल्विया ही दोन्ही नावे पहिल्याच दिवशी यादीतून काढावी लागली. उरल्या त्या भारतात विकल्या गेलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, आणि त्या आपल्या समजुतीपेक्षा बऱ्याच जास्त आहेत.

सर्वांत स्वस्त अर्थातच ओम्नी. 1984 ते 2019 अशी पस्तीस वर्षे निघालेली ही गाडी मागच्या चाकांवरच चालते, तिचे 796 सीसीचे इंजिन वागळे इस्टेटमधला कोणताही मिस्त्री डोळे मिटून उघडतो, आणि चालू स्थितीतली ओम्नी लाखाच्या आत मिळते. भाच्याला ती गंमत म्हणून आवडलीही होती. मी तिला नकार दिला तो तिच्या उंचीमुळे. अरुंद पायाची उंच गाडी आडवी सरकत असताना तिचे चाक फरशीच्या कडेला किंवा कोरड्या पट्ट्याला अडले, तर ती घसरायची थांबते आणि कलंडते, आणि शिकाऊ माणसाच्या हातून चाक अडणारच हे गृहीत धरले पाहिजे. ईको, बोलेरो, क्वालिस, टवेरा या सर्व गाड्या मी याच एका कारणाने बाजूला ठेवल्या. जिप्सीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण ती फोर-बाय-फोरमधून काढली की फक्त मागच्या चाकांवर चालते, वजनाने हलकी आहे आणि रॅलीवाल्यांनी तिच्यावर अनेक पिढ्या घडवल्या आहेत. परंतु त्याच कारणाने चांगल्या जिप्सीची किंमत आता आमच्या आवाक्याबाहेर गेली आहे.

हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाने मात्र मला दोन आठवडे झुलवले. लांब बोनेट, इसुझूचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मागे पाट्यांवर बसवलेला अखंड ॲक्सल आणि जमिनीलगतचे बसणे, असे सारे काही तिच्यात आहे, आणि ती वळणावर आडवी जाताना जितकी देखणी दिसते तितकी दुसरी कोणतीही देशी गाडी दिसत नाही. कल्याणमध्ये पाहिलेल्या एका कॉन्टेसाच्या मालकांनी ती गाडी कशासाठी हवी आहे हे ऐकल्यावर सौदा तेथेच थांबवला. त्यांचे म्हणणे मला पटले. 2002 साली उत्पादन थांबलेल्या गाडीची काच किंवा मडगार्ड फुटले तर ते आणायचे कोठून, हा प्रश्न दर रविवारी छातीवर घेऊन शिकणे शक्य नाही.

यानंतर जुन्या जर्मन गाड्यांचा विचार सुरू झाला. मर्सिडीजची सी-क्लास या किमतीत सहज मिळते आणि तिची बांधणी भक्कम आहे, पण आम्ही पाहिलेल्या पिढीत हँडब्रेक हाताने ओढायचा नसतो. डाव्या पायाने पेडल दाबून तो लावायचा आणि डॅशबोर्डवरची मूठ खेचून सोडवायचा अशी रचना असते. शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात मागची चाके क्षणभर अडवण्यासाठी हँडब्रेक ओढून लगेच सोडावा लागतो, आणि हे पायाने करणे जवळपास अशक्य आहे. ही एक गोष्ट खरेदीपूर्वी लक्षात आली म्हणून आमचे काही लाख वाचले असे म्हणायला हरकत नाही. थ्री-सिरीजच्या ई-90 पिढीत, म्हणजे आमची 320आय ज्या पिढीतली आहे तिच्यात, मात्र दोन आसनांच्या मधोमध साधा, हाताने ओढायचा दांडा आहे.

ही पिढी 2007 पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवली जात असे, आणि याचा एक फायदा कागदपत्रांत होतो. पंधरा ते वीस वर्षे वयाच्या खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5000 रुपये आहे, तर आयात केलेल्या मोटारीला तेच 40,000 रुपये पडते. आमच्या गाडीचे नूतनीकरण आधीच्या मालकांनी 2024 मध्ये करून घेतलेले असल्यामुळे आरसी 2029 पर्यंत वैध आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिन ऐकण्यापूर्वी ही तारीख पाहावी.

प्रत्यक्ष गाडी शोधण्यात सात आठवडे गेले. घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानात दाखवलेल्या गाडीचे मीटर 62,000 किलोमीटर सांगत होते, पण ब्रेकच्या पेडलवरचे रबर एका कोपऱ्यात धातूपर्यंत झिजलेले होते आणि चालकाच्या आसनाची उजवी कड, जेथे माणूस उतरताना घासतो, ती चामडे फाटून आतल्या स्पंजापर्यंत आली होती. इतकी झीज बासष्ट हजारांत होत नाही. नवी मुंबईतल्या दुसऱ्या एका विक्रेत्याकडची गाडी चकचकीत होती, किंमतही कमी होती, आणि आत शिरल्यावर अत्तराचा असा काही दर्प आला की माझा संशय बळावला; मागच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला तेव्हा त्याच्या तळच्या वीतभर भागात वाळलेल्या गाळाची करडी रेघ होती. ती गाडी कोणत्या तरी पावसाळ्यात पाण्यात उभी राहिलेली होती. या पिढीत दरवाजांपासून दिव्यांपर्यंत सर्वत्र इलेक्ट्रॉनिक पेट्या आहेत, तेव्हा बुडालेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नये. दिल्लीची पाटी असलेल्या दोन गाड्याही स्वस्तात मिळत होत्या, कारण तेथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध होते. परंतु तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नव्या क्रमांकाची नोंदणी हे सारे धरले की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

शेवटी घेतलेली गाडी ठाण्याच्याच एमएच-04 क्रमांकाची निघाली, पाचपाखाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांची. मागितलेले 4 लाख 10 हजार, ठरलेले 3 लाख 40 हजार. तिच्यावर वाहतूक दंडाची नऊ चलने थकीत होती. ती भरल्याशिवाय पैसे देणार नाही असे मी नम्रपणे सांगितले आणि त्यांनीही ती त्याच संध्याकाळी भरली. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, विमा बदलला आणि गाडी माझ्या नावावर आली.

आता गाडीविषयी. 1995 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे 150 अश्वशक्ती देते, आणि 205 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर कोरड्या रस्त्यावर मागची चाके केवळ ॲक्सिलरेटरने घसरवायला ते कमीच पडते. ओल्या ट्रिमिक्सवर, म्हणजे गुळगुळीत काँक्रीटच्या जमिनीवर, मात्र ते पुरून उरते. भिवंडीकडे काल्हेर भागात माझ्या बहिणीच्या दिरांचे गोदाम आहे, त्यामागे साधारण साठ मीटर बाय चाळीस मीटरचे ट्रिमिक्स केलेले बंदिस्त आवार आहे, आणि रविवारी तेथे एकही ट्रक नसतो. त्यांची लेखी परवानगी, दोन अग्निशामक नळकांडी, हेल्मेट आणि बारा प्लास्टिकचे शंकू एवढ्या तयारीवर आम्ही जूनमध्ये सुरुवात केली. पावसाळ्यात सुरुवात करण्याचा फायदा असा की पाणी फुकट मिळते आणि टायर झिजत नाहीत. पाम बीच मार्ग, येऊरचा रस्ता किंवा रात्रीचा घोडबंदर येथे हा प्रयोग करण्याचा विचार कोणी करत असेल तर मोटार वाहन कायद्याची कलमे 184 आणि 189 वाचावीत, आणि त्याहून आधी त्या रस्त्याने सायकलवर जाणाऱ्या दूधवाल्याचा विचार करावा.

गाडीत घसरण रोखणारी डीएससी नावाची यंत्रणा आहे. तिचे बटण एकदा दाबले की ती अर्धवटच सैल होते. पूर्ण बंद करायची तर ते काही सेकंद दाबून धरावे लागते. आम्हाला हे माहीत नसल्याने पहिला अर्धा तास गाडी दर वेळी स्वतःच सावरत होती आणि मी भाच्याच्या पायाला दोष देत होतो.

यंत्रणा बंद झाल्यावर पहिली खरी फिरकी आली तो क्षण मला अजून आठवतो. दुसरा गिअर हाताने निवडलेला, एका शंकूभोवती डावीकडे वर्तुळ, वेग जेमतेम पंचवीस. भाच्याने पाय दाबताच मागून खरवडल्यासारखा आवाज आला, खिडकीबाहेरची भिंत एकदम बाजूने पळू लागली, आणि स्टेअरिंग त्याच्या हातातून आपोआप उजवीकडे फिरू लागले. त्याने ते घट्ट धरले आणि गाडी गर्रकन फिरून उलट दिशेला तोंड करून थांबली. पुढच्या चाकांच्या बसवणीत मागे झुकता कोन असल्यामुळे गाडी घसरू लागली की स्टेअरिंग स्वतःच घसरणीच्या दिशेला वळते. शिकणाऱ्याने ते तळहातांमधून वाहू द्यायचे आणि योग्य जागी फक्त पकडायचे. भाच्याला हे तिसऱ्या रविवारी जमले. मला सातव्या. चाळीस वर्षे स्टेअरिंग धरून ठेवण्याची सवय लागलेल्या हातांना ते सोडायला शिकवणे सोपे नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी लोक फार नाक मुरडतात. या किमतीत आमच्यासमोर आलेल्या सर्व थ्री-सिरीज ऑटोमॅटिकच होत्या, आणि क्लच नसल्यामुळे क्लचला झटका देऊन चाके सोडवण्याची पद्धत शिकता येत नाही हे खरे आहे. तरीही पहिल्या चार-सहा महिन्यांत जे शिकायचे असते, म्हणजे ॲक्सिलरेटर किती धरायचा, नजर कोठे ठेवायची, एका वर्तुळातून दुसऱ्या वर्तुळात वजन कसे टाकायचे, ते दोन पेडलवर उलट लवकर समजते असे माझे मत झाले आहे. गिअरबॉक्सचे तेल मात्र घेतल्याबरोबर बदलावे. आमचे 18 हजार त्यात गेले.

खरी उणीव डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाची आहे. गाडीत साधा, उघडा डिफरन्शियल आहे, म्हणजे वजन बाहेरच्या बाजूला गेले की आतले हलके चाक एकटेच फिरत बसते आणि बाहेरच्या चाकाला जोर मिळत नाही. ओल्या जमिनीवर हे चालून जाते. कोरड्यावर एका चाकाचा धूर निघतो आणि गाडी सरळ होते. भाच्याची इच्छा तो आतून वेल्ड करून टाकण्याची आहे. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी त्याला दोन वाक्यांत समजावले: "साहेब, वेल्ड दोन तासांत करून देतो. पण मग इथून काल्हेरला गाडी चालवत न्यायची नाही, टोइंगवर न्यायची." दोन्ही चाके एकत्र जखडली की साध्या वळणावरही एक टायर फरफटत जातो आणि ॲक्सलवर ताण येतो, अशी गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे. दर रविवारी टोइंगचे भाडे धरले तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

दुसरी उणीव अशी की या गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटाच नाही. एका जागी गोल फिरताना समोरून वारा लागत नाही, इंजिन तापत जाते, आणि धोक्याचा दिवा लागेपर्यंत चालकाला पत्ता नसतो. आम्ही गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे नऊशे रुपयांचे एक ओबीडी यंत्र लावून मोबाइलवर तापमान पाहतो आणि दर दहा मिनिटांनी गाडी थांबवतो. सोळा वर्षे जुन्या गाडीतले प्लास्टिकचे पाण्याचे भांडे आणि रबरी पाइप ठिसूळ झालेले असतात, तेव्हा ते फुटण्याची वाट न पाहता आधीच बदलले. थर्मोस्टॅटसह 28 हजार. सस्पेन्शनची बुशिंग 22 हजार. मागचे ब्रेक पॅड आणि हँडब्रेकचे शू 9 हजार. हे छोटे शू मागच्या डिस्कच्या पोटात असतात, ते उभी गाडी धरून ठेवण्यासाठी बनवलेले आहेत, आणि सारखे ओढल्यावर केबल सैल होते हे ध्यानात ठेवावे.

या गाडीची सर्वांत मोठी जमेची बाजू मात्र मला घेतल्यानंतर कळली, आणि ती म्हणजे टायरचे माप. 205/55 आर 16 हे माप कोरोला आल्टिस, जेटा अशा कितीतरी गाड्यांना बसते, त्यामुळे लोकांनी बदलून ठेवलेले अर्धवट झिजलेले टायर ठाण्यात दुकानोदुकानी पडून असतात आणि नगाला हजार-बाराशेत मिळतात. सतरा इंची चाके असलेली गाडी दिसायला बरी, पण तिचे जुने टायर असे सहज सापडत नाहीत. रिम मात्र दुसऱ्या गाडीची चालत नाही, कारण बीएमडब्ल्यूच्या बोल्टचे वर्तुळ 120 मिलिमीटरचे आहे. आम्ही कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दोन जादा रिम 12 हजारांत आणल्या. पाच महिन्यांत बावीस जुने टायर लागले, त्यांचे साधारण 26,400 रुपये झाले. पुढच्या चाकांना मात्र नवे टायरच घातले, 15 हजारांची जोडी, कारण गाडी सावरायची ती पुढच्याच पकडीवर.

जुना टायर घेताना त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. 1419 असे लिहिले असेल तर तो 2019 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला आहे. ऑगस्टमध्ये एका दुकानदाराने "नक्षी बघा ना, नव्यासारखी आहे" म्हणून दिलेला टायर मी आकडे न वाचता घेतला. तो अकरा वर्षे जुना होता. तिसऱ्या वर्तुळात त्याची वरची पट्टी सोलून निघाली आणि मडगार्डच्या आत फटाफट आपटत राहिली, जणू कोणी आतून चाबूक मारत आहे. आतले प्लास्टिकचे अस्तर फाटले, एक वायर तुटली. चूक दुकानदाराची होती तितकीच माझीही.

विम्याबाबत भ्रम ठेवू नये. शर्यत, वेगाची चाचणी अशा वापराला मोटार विमा लागू होत नाही, हे पॉलिसीतच लिहिलेले असते, तेव्हा आवारात भिंतीला गाडी लागली तर खर्च आपला. आम्ही 1500 सीसीवरील गाडीचा केवळ तृतीय पक्ष विमा घेतला, मूळ हप्ता 7897 रुपये, करासह 9300 च्या घरात. हस्तांतरण आणि किरकोळ कागदपत्रे सुमारे 6 हजार, चाकांचे अलाइनमेंट 1200. हे सर्व मिळवले तर 3 लाख 40 हजारांची गाडी जवळजवळ 4 लाख 88 हजारांना पडली. यात पेट्रोल धरलेले नाही. ते मी मुद्दाम मोजलेले नाही, कारण घरात हा कागद कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

गाडीचे मोल करताना मी शिकण्याच्या दृष्टीने तिला दहापैकी आठ गुण देईन. तिचा पाया, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, लांब, 2760 मिलिमीटरचा आहे, पुढे-मागे वजन जवळजवळ समसमान आहे, त्यामुळे ती एकदम झटक्याने फिरत नाही, आधी कल्पना देते आणि मग सरकते. शिकाऊ माणसाला मिळणारा हा अर्धा सेकंद फार मोलाचा आहे. एक गुण डिफरन्शियलचा कापला, एक वयाचा. ज्यांना हीच गाडी सोमवारी कचेरीला न्यायची आहे त्यांनी मात्र ती घेऊ नये, कारण रविवारी मागच्या चाकांनी जे सोसलेले असते ते सोमवारी मुलुंड टोलनाक्याच्या गर्दीत ऐकू येते.

ऑक्टोबरनंतर आवार कोरडे झाले. दहा हजार लिटरचा टँकर मागवला तर पाणी दोन तास पुरते, त्यामुळे आता महिन्यातून एकच रविवार ठरवला आहे. वेल्डचा विषय भाच्याने अजून सोडलेला नाही. "मामा, तू फक्त एकदा हो म्हण," असे तो दर वेळी परत येताना कशेळीच्या पुलावर म्हणतो, आणि मी त्याला मागच्या आसनावर ठेवलेले दोन टायर गाडीतून उतरवायला सांगून विषय बदलतो.